तळाचा घोट

माझ्या आईच्या हाताला चटका कळत नसे. तव्यावरची भाकरी ती बोटांनी उलटायची आणि करपल्याचा वास आला की आधी बोटं बघायची, मग भाकरी. आमच्यापैकी कोणी ना कोणी चुलीपाशी बसून असायचं. “आय, हात” एवढंच म्हणायचं, की ती हात मागे घ्यायची. माझ्या धाकट्या बहिणीचं अर्धं लहानपण हे दोन शब्द म्हणण्यात गेलं.

पायांचंही तेच. अंगणात रक्ताचे ठिपके दिसले की आम्ही तिचा पाय धरून काटा शोधायचो. तिला पत्ताच नसायचा. वहाण निसटून मागे पडलेली असायची आणि ही तशीच पुढे गेलेली. चालताना ती पाऊल गरजेपेक्षा जास्त वर उचलायची, गुडघाभर चिखलातून चालल्यासारखी, कारण पंजा आपला आपण उचलत नव्हता. तळहात आणि तळपाय जाड झाले होते आणि त्यांत टणक दाणे उठले होते, हात फिरवला तर मिठाच्या खड्यांवरून फिरवल्यासारखं वाटायचं. पोटापाठीची कातडी काळवंडली होती आणि त्या काळ्यात पांढुरके ठिपके, धुळीत पाण्याचे थेंब शिंपडावेत तसे.

गावाने याला महारोग म्हटलं. खरं नाव दुसरं होतं. ते मला कळलं आणि मला ते बोलता आलं नाही. आता लिहितो, कारण ज्यांना त्याचा त्रास झाला असता त्यांतलं कोणी राहिलेलं नाही.

आमचं गाव रेवसच्या आतल्या अंगाला, खाडीला चिकटून. उन्हाळाभर मिठागर, पावसात भात. बापूस आणि काका एका छपराखाली राहायचे. मध्ये कुडाची भिंत, अंगण एक, चुली दोन. आमच्या आळीतला पहिला मॅट्रिक मी, आणि पहिला बी.एस्सी.ही मीच. हे मी सांगतो, कारण त्यासाठी माझ्या बापाने खाऱ्या पाण्यात उभं राहून पायांना भेगा पाडून घेतल्या. लपवायचं कशासाठी?

आमच्याकडच्या लग्नात एक वेळ भटजी उशिरा आला तर चालतं, धवलारीण वेळेवर लागते. धवलारीण म्हणजे लग्नातली गाणी, धवले, म्हणणारी बाई. मांडवाची मेढ रोवण्यापासून नवरी घरात येईपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं असतं, आणि गाणं झाल्याशिवाय ती गोष्ट झाली असं कोणी धरत नाही. हळदीला पहिला हात तिचा. माझी आई धवलारीण होती. अक्षर येत नव्हतं, पण गाणी तिच्या तोंडात रांगेने उभी असायची. खाडीपलीकडच्या गावांतून तिला न्यायला होडी यायची. दुसऱ्या पोरांच्या आयांना न्यायला कोणी येत नव्हतं, हे मी शाळेत सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं.

धवले एकटीने होत नाहीत. एक सांगते, दुसरी मागून ओळ उचलते. आईच्या मागून उचलणारी माझी काकी. आवाज काकीचाच गोड होता, हे कबूल करायला हवं. पण लुगडं, नारळ आणि पहिली हळद आईची, काकीला विडा. बायका काकीला चिडवायच्या, “काय गो, जावेची सावली आली काय?” ती हसायची. तिचं हसणं मला आठवतं. त्यात मला तेव्हा काही दिसलं नव्हतं.

गाण्याला बसण्याआधी दोघी गूळ-सुंठीचं गरम पाणी प्यायच्या. ते करायचं काम काकीचं. एकच गडू. आधी सांगणारीने प्यायचं, मग मागचीने. सांगणारीने गडू कधी रिकामा करायचा नाही, तळाचा घोट मागचीचा. एका गडूतलं पाणी दोघींच्या घशाखाली गेलं की दोन आवाजांचा एक होतो, असं आमच्या बायका मानायच्या. आई हे फार पाळायची. घसा कितीही सुकलेला असो, तळाचा घोट ती सोडायचीच.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या भागात लग्नं खूप निघाली. त्या हंगामात काकीने गूळ सोडला. तिची मुलगी सारखी तापाने आजारी असायची, तिच्यासाठी देवीला नवस बोलले, असं तिने सांगितलं. नवसाला आमच्याकडे कोणी फाटे फोडत नाही. तुझा नवस, तुझी देवी. मग तळाचा घोट आई मांडवाच्या मेढीच्या बुडाशी ओतायला लागली. मेढीला दिला म्हणजे जावेला दिला, असा तिचा हिशेब.

त्या हंगामात आईचं पोट सारखं बिघडत होतं. लग्नाघरचं तिखट जेवण, फिरती, जागरण, कारणं भरपूर होती. हंगाम संपता संपता खाडीपलीकडच्या एका हळदीत ती गाताना मध्येच उठली ती कुडाला धरून खाली बसली. उलट्या, जुलाब, पोटऱ्यांत पेटके. मांडवात पटकी पटकी म्हणून बोंब झाली आणि जेवायला बसलेली माणसं पानांवरून उठली. होडीत काकीने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. बापूस नंतर पुष्कळ दिवस एक गोष्ट सांगायचा, की तिच्या तोंडाला लसणीचा वास येत होता आणि दिवसभरात तिने लसूण खाल्लेली नव्हती. सांगायचा आणि सोडून द्यायचा.

आई वाचली. पटकीतून माणूस परत आलं म्हणून गावदेवीला कोंबडा दिला.

पाऊस सुरू झाला तसं पुढचं सुरू झालं. आधी तळपायांना मुंग्या, मग आग. अंगावरची गोधडी पायाला लागली तरी ती ओरडायची. दिवस दिवस पाय पाण्याच्या घमेल्यात घालून बसायची. केस मुठीत यायला लागले. ते काकीच विंचरायची, आणि निघालेल्या केसांचा गुंडाळा आईला दिसू नये म्हणून ओच्यात लपवायची. हातांच्या सगळ्या नखांवर आडवी पांढरी रेघ उठली, चुन्याचं बोट फिरवावं तशी; नखं वाढली तशी ती रेघ पुढे सरकत गेली आणि शेवटी नखांबरोबर कापली गेली. पुढे पायांची आग थांबली. आम्हाला वाटलं, बरं वाटतंय. आग गेली ती पायांतलं सगळंच घेऊन गेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात ती एका लग्नाला गेली, तर हळदीची वाटी हातातून पडली आणि पडल्याचं तिला आवाजाने कळलं. त्यानंतर ती गेली नाही. सांगणारीच्या जागी काकी बसली, मागे उचलायला दुसरी कोणी मिळाली. होडी यायची ती आता काकीला न्यायला. घरी काकी भिंतीपलीकडे गाणी घोकायची आणि तिची ओळ चुकली की आई अलीकडून कुडावर बोटांची हाडं आपटायची. काकी थांबायची. आई बरोबर ओळ म्हणायची. काकी पुढे जायची. माझा अभ्यास या दोघींच्या मधोमध चालायचा.

काही वर्षांनी कातडीवर ठिपके आले, तळहात जाड झाले, आणि गावाने आपला निकाल दिला. तोंडावर कोणी वाईट बोललं नाही. आमच्या गावाची ही तऱ्हा आहे. विहिरीवर बायका गोड बोलायच्या, “तू कनाला येतंस गो, आमी आनून देतो.” कनाला म्हणजे कशाला. पाणी खरोखर आणून द्यायच्या, आणि आमची कळशी हातात न घेता आपल्या कळशीतून वरून ओतायच्या. आईने वाढलेलं जेवण बघून पाहुण्यांची पोटं भरायला लागली. महारोग असता तरी तो तिचा गुन्हा नव्हता, हे मला आज म्हणता येतं. तेव्हा मला एवढंच वाटायचं, की माझी आई मांडवात बसणारी बाई आहे आणि तिला अंगणातही धड बसू देत नाहीत.

मी मुंबईला कॉलेजात शिकायला गेलो आणि शेवटच्या वर्षाला असताना बहिणीचं लग्न ठरलं. चांगली माणसं होती. मुलगा गोदीत कामाला. त्यांचा निरोप आला तो मधल्या माणसाकडून. मुलगी पसंत, घर पसंत, एकच म्हणणं, हळदीला आणि लग्नाला मुलीच्या आईने मांडवात येऊ नये. आतल्या खोलीत बसावं, नंतर पाया पडायला दोघं येतील, लांबून.

बापूस उठून दाराकडे तोंड करून उभा राहिला. त्याने होकार द्यायचं ठरवलेलं होतं हे मला त्याच्या पाठीवरून कळलं. आई म्हणाली, “माज्या पोरीला हलद मी लावनार.” तिने दुसरं काही मागितलं नाही, तेव्हाही आणि नंतरही.

मी चिडून तिला मुंबईला मोठ्या दवाखान्यात घेऊन आलो. माझा विचार साधा होता. महारोगावर तोवर औषध निघालं होतं. असेल तर औषध घेऊ, नसेल तर तसं डॉक्टरच्या तोंडून ऐकून घरी सांगू. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी तिचे डोळे मिटायला लावून हातापायाला टाचणी टोचली, कोपराच्या मागची शीर चाचपली, गुडघ्यावर ठोकलं, तळहात खिडकीशी धरून बराच वेळ बघितले. कधी, काय, कसं झालं होतं ते मी सांगितलं. नखांवरच्या रेघेचं सांगितलं तेव्हा त्यांनी लिहायचं थांबवलं.

“हा कुष्ठरोग नाही,” ते म्हणाले. “हिच्या पोटात सोमल गेलाय. थोडा थोडा, पुष्कळ वेळा, आणि शेवटी एकदम जास्त. कोणा वैद्याचं औषध चालू होतं का?”

मी नाही म्हणणार, तेवढ्यात आई म्हणाली, “व्हय. वैदाचंच.”

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मग मला सांगितलं, की हातापायांच्या शिरा मेल्या आहेत त्या परत जिवंत होणार नाहीत. तळहातांवर लक्ष ठेवायचं. त्यातला एखादा दाणा फुटला, चिघळला आणि भरेना, तर एक दिवसही घरी काढायचा नाही.

आईने आयुष्यात कुठल्या वैद्याची पुडी घेतलेली नव्हती. आणि सोमल, म्हणजे आर्सेनिक, मला माहीत होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटलीवर शिक्का मारून कपाटात ठेवलेली ती पांढरी पूड मी हाताळली होती. पाण्यात ती धड विरघळत नाही; ढवळली तर गढूळ दिसते आणि थांबलं की तळाला बसते. आमच्या काकाकडे कणगीतल्या उंदरांसाठी ती असायची, घराघरांत असायची. भाऊच्या धक्क्यावर लाँचची वाट बघत उभा असताना हे सगळं माझ्या डोक्यात एका ठिकाणी आलं.

लाँच सुटल्यावर मी विचारलं, “वैद कुठला, आय?”

“लाट हाय. खाली बस.”

 किनारा मागे पडल्यावर ती स्वतःच बोलायला लागली. त्या वर्षी नारळीपुनवेला ती अंथरुणावर होती, पाय घमेल्यात. काकी तिच्यासमोर बसून गुळाचा नारळीभात खात होती. आईने विचारलं, नवस फिटला काय गो? काकी म्हणाली, फिटला. आणि तिची पोरगी तर तेव्हाही बाजूला तापाने फणफणलेली निजली होती.

“पोर बरी न्हाय, मग नवस कसा फिटला?” आई म्हणाली. “मी अंथरुनाला लागले, तिथं तो फिटला.”

“तेव्हा कळलं तुला?”

“तवाच.”

“आणि इतकी वर्षं तू तिला गाणी शिकवत बसलीस?”

माझा आवाज चढला असावा, कारण टोपल्या घेऊन बसलेल्या दोघी बायका वळून बघायला लागल्या. आईने त्यांच्याकडे बघून पदर सारखा केला आणि हळू आवाजात सांगितलं. काकाचा राग मला माहीत होता. त्याने काकीला खाडीत ढकलली असती आणि तो तुरुंगात गेला असता. ती आजारी पोर आईच्या गळ्यात आली असती, आणि आईला स्वतःचे हात नव्हते. गाण्यांचं म्हणाल, तर काकीला तेव्हा अर्धीच येत होती. आईने ती पुरी केली नसती तर लोकांच्या पोरींची लग्नं कोणी लावली असती? हे तिने वेगवेगळं सांगितलं नाही, सगळं एकात एक मिसळून सांगितलं, आणि त्यातलं खरं कारण कुठलं हे मी पुढे पुष्कळदा निवडायचा प्रयत्न केला.

मी तिला पूड तळाला बसते ते सांगितलं. गडू तिने पुरा केला असता तर ती त्या होडीतच गेली असती. तळाचा घोट सोडायची, म्हणून वाचली.

 ती म्हणाली, “मंजे तिचा घोट मेढीनं पिला.” आणि हसली. मला हसू आलं नाही.

रेवसला उतरायच्या आधी तिने माझ्याकडून वचन घेतलं, की सोमल हा शब्द घरात निघणार नाही. माझा हात तिने आपल्या तळहातावर घेतला. मी दाबला तरी तिला कळणार नव्हतं, म्हणून मी दाबला का ते तिने वाकून डोळ्यांनी बघितलं.

मी मुलाच्या घरी गेलो. चांगले कपडे करून गेलो, खुर्चीवर बसलो, आणि होणाऱ्या व्याह्यांना सांगितलं की मुंबईच्या डॉक्टरने तपासलंय, महारोग नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग काय हाय?”

शब्द माझ्या जिभेवर होता. मी म्हणालो, जुनं दुखणं आहे, पोटातून आलेलं, लागण होत नाही.

“तू शिकलेला हायस, तुजं खरं असंल,” ते म्हणाले. “पन आमच्या बायका शिकलेल्या न्हाईत. त्यांना कोन सांगल? तू बी.एस्सी. सगल्यांना वाटनार हायस काय?”

आत बायका हसल्या. मी उठून आलो. येताना बांधावरून चालताना मी मोठ्याने बोलत होतो, एकटाच. एक शब्द उच्चारला की माझ्या आईवरचा डाग जाणार होता, आणि तो शब्द माझ्याच आईने माझ्या तोंडात बांधून ठेवला होता. घरी आल्यावर काकी अंगणात माझ्यासाठी पाणी घेऊन उभी. मी तांब्या हातात घेतला आणि तुळशीत ओतला. तिने बघितलं.  मला वाटतं, त्या क्षणी तिला कळलं की मला कळलंय.

हळदीचा दिवस उजाडला. मांडव आमच्या दोन्ही घरांच्या अंगणात. मुलाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या होत्या, मुलाची आईही होती. काकी सांगणारीच्या जागेवर येऊन बसली. बहीण पाटावर, रडून डोळे सुजलेली. आई ठरल्याप्रमाणे आत. सकाळपासून ती चुलीपाशी होती आणि तिने कोणाला जवळ येऊ दिलं नव्हतं. मला वाटलं, रडत असेल.

ती बाहेर आली. होडी न्यायला यायची तेव्हा नेसायची ते लुगडं अंगावर. दोन्ही हातांत पदराच्या घडीत धरलेला गडू, वाफ येत होती. ती ते उंच उंच पाऊल टाकत मांडवातून चालत आली तशा बायका दोन्ही बाजूंनी मागे सरल्या, लुगडी आवरत. ती काकीसमोर जाऊन उभी राहिली. काकी जागेवरून उठली, उठावंच लागलं. आई तिथे बसली.

मुलाच्या आईने कोणाला तरी खुणेने बोलावलं. बापूस मेढीला धरून उभा होता. कोणी आता बोलणार, तेवढ्यात आईने गडू तोंडाला लावला आणि प्यायली. सावकाश, थांबून थांबून. मग गडू खाली न ठेवता काकीसमोर धरला. पदर सुटला होता. तापलेल्या पितळेवर तिचे उघडे, दाण्यादाण्यांचे तळहात सगळ्यांना दिसत होते.

“घे,” ती म्हणाली. “तलाचा तुजा.”

काकी गडूकडे बघत राहिली. आत काय आहे हे तिला माहीत नव्हतं. या वेळी गडू तिने भरला नव्हता. मलाही माहीत नव्हतं. खरं सांगतो, मला भीती वाटली ती काकीसाठी नव्हती, आईसाठी होती. काकी पुटपुटली, “बाय, मी...”

“गूल सोडला हाय काय अजून?”

आई हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली की बायकांना ती जावाजावांची थट्टा वाटली. दोघी-तिघी हसल्यासुद्धा. काकीने गडू घेतला. ज्याला लोक महारोगी हात म्हणत होते, त्या हातातून, उष्ट्या कडेने, तिने तो तोंडाला लावला आणि तळापर्यंत प्यायली. शेवटचा थेंब जिभेवर पडेपर्यंत गडू उलटा धरला. मग आईच्या मागे, आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली.

आईने पहिली ओळ सांगितली. काकीने उचलली. पहिल्या ओळीला काकीचा आवाज फाटला, दुसरीला सावरला.

हळद आईने लावली. बोटांना हळद किती लागली ते कळत नव्हतं, त्यामुळे बहिणीच्या गालांवर लपका बसला आणि कानात गेली. कोणी तक्रार केली नाही. मुलाच्या आईने आधी काकीकडे बघितलं, मग पुढे झाली आणि आईच्या हातून आपल्या कपाळाला बोट लावून घेतलं. त्यानंतर विहिरीवर आमची कळशी पुन्हा हातात घेतली जाऊ लागली.

गडूत गूळ आणि सुंठच होती. मी नंतर विचारलं तर आई रागावली. म्हणाली, माझ्या पोरीच्या हळदीत मी दुसरं काय घालीन?

मला सहन झालं नाही ते यापुढचं. गावभर काकीचं नाव झालं. महारोग्याच्या उष्ट्याला शिवली, भ्यायली नाही; जाऊ असावी तर अशी. पुष्कळ वर्षं लोक ही गोष्ट सांगायचे, माझ्यासमोर सांगायचे, आणि मी मान हलवायचो. ती शाबासकी काकीने कधी नाकारलीही नाही. तिच्या हातचं मी त्यानंतर काही खाल्लं नाही. लोक म्हणायचे, शिकला आणि शिष्ट झाला. म्हणोत.

साठ सालानंतर, मी शाळेत मास्तर झालो होतो तेव्हा, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं झालं. उजव्या तळहातातला अंगठ्याजवळचा एक दाणा फुटला आणि भरेना. दुखत नव्हता, म्हणून आईने तो आमच्यापासून पदराखाली लपवला. ज्या दिवशी वासाने मला कळला त्या दिवशी मी तिला मुंबईला नेलं. त्यांनी हात मनगटापासून काढला. कॅन्सर म्हणाले. सोमलाचं देणं इतक्या वर्षांनीही येतं, हे तिथल्या तरुण डॉक्टरने मला पुस्तक उघडून दाखवलं. मला पुस्तकाची गरज नव्हती. वर्षाच्या आत काखेत गाठ आली.

शेवटच्या महिन्यांत तिला घोट गिळणं जड जायचं. तिला गूळ-सुंठीचं पाणी लागायचं आणि ते काकीच करून आणायची. जखम काकीच धुवायची, बहीण सासरी, माझी बायको नवी. मी शाळेतून येऊन दारात उभा राहायचो आणि बघायचो. मी बघतोय हे काकीला माहीत असायचं. ती गडू आणायची, आधी स्वतः एक घोट घ्यायची, माझ्याकडे बघून गिळायची, आणि मग आईच्या तोंडाला लावायची. रोज.

एक दिवस आईने तोंड फिरवलं.

“आदी तू कनाला पितंस?” ती काकीला म्हणाली. आवाज तेव्हा कुजबुजण्याएवढाच उरला होता. “सांगनारी मी हाय.”

काकीने गडू परत चुलीपाशी नेला, ते पाणी ओतून दिलं, नवीन केलं आणि घेऊन आली. आई प्यायली. जेवढं गिळता आलं तेवढं. मग डोळ्यांनी गडूकडे खूण केली, आणि काकीने तो खाली ठेवायच्या आधी तळाचा घोट घेतला. मी दारातून बाजूला झालो.